बदलीच्या गावचा सोनचाफा

बदलीची नोकरी पत्करलेल्या माणसाने झाड लावावे की लावू नये, हा प्रश्न आम्हांस लखनौच्या सरोजिनी नगरात पडला. शहराच्या दक्षिणेस, कानपूरच्या रस्त्यावरची ही वस्ती. सरकारी घराच्या आवारात सोनचाफा असावा अशी घरातील मंडळींची इच्छा. आणि ज्याचे बालपण कोकणात गेले त्याने या इच्छेस नकार द्यावा तरी कसा?

कलमी चाफ्यास दोन-तीन वर्षांत फूल येते. बियांपासून वाढविलेल्यास बहुधा आठ-दहा वर्षे लागतात. म्हणजे एक आमच्या मुदतीत बसणारे, दुसरे न बसणारे. आम्ही दुसरे निवडले आणि आपल्या निःस्वार्थीपणाचे कौतुकही मनातल्या मनात करून घेतले.

ते कौतुक येथील मातीने उतरविले. या तहसिलीत उसर जमिनीचे पट्टे पुष्कळ. सोडियमच्या क्षारांमुळे पाणी वरच साचते, खाली मुरत नाही. याच रस्त्यावर बंथरा येथे राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने अशा जमिनीवर झाडे वाढविण्याचे प्रयोग वर्षानुवर्षे केले आहेत. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला (शास्त्रज्ञ तर आता त्याला मॅग्नोलियाच म्हणतात). त्याला किंचित आम्ल, निचऱ्याची माती रुचते. खारवट मातीत मुळांना लोह मिळत नाही. पान पिवळे पडते, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग खोल खड्डा घ्या, माती बदला, जिप्सम घाला, शेणखत घाला, बुंध्याभोवती पालापाचोळा पसरा. जूनच्या लूमध्ये पाणी, जानेवारीच्या थंडीत आडोसा. मुळे मांसल, दुखावली की सहसा सावरत नाहीत. तेव्हा सामानाबरोबर नेण्याजोगेही हे झाड नव्हे.

मागाहून येणाऱ्या बिऱ्हाडास आम्ही फुले देत आहोत, असे म्हणणे सोपे होते. वस्तुतः आम्ही त्याच्या गळ्यात पाच-सहा उन्हाळ्यांचे पाणी घालणे बांधीत होतो, तेही त्याला न विचारता. कडुनिंब लावला असता तर तो येथे स्वतःच्या बळावर उभा राहिला असता. चाफा हवा होता तो आम्हांला, आणि त्याची किंमत भरणार होता एक अनोळखी मनुष्य.

यावर घरातून प्रश्न आला, "मागच्या दारचा पेरू कोणी आपल्याला विचारून लावला होता?" पेरू आम्ही तीन वर्षे खाल्ले होते, लावणाऱ्याचे नावही कधी विचारले नव्हते. पेरूची निगा फारशी लागत नाही, एवढेच आम्हांस उत्तर सुचले, आणि ते अपुरे होते. दिलेली वस्तू वाळू देण्याची मोकळीक घेणाऱ्यास नसेल तर ती देणगी कसली, हे पुढे ध्यानात आले.

तिसऱ्या वर्षी बदलीचा हुकूम आला तेव्हा झाड छातीइतके झाले होते. निगेच्या सूचना लिहिलेला कागद आम्ही दोनदा तयार केला, दोनदा फाडला. नवे गृहस्थ आवार पाहू लागले तेव्हा, हा चंपा आहे, एवढे सांगितले आणि झारी नळापाशी ठेवली. पाणी घाला, असे मात्र म्हटले नाही.