नाव, पत्ता आणि पहिला संकेत

शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध स्वाभाविक आहे की ठरवलेला, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद आहे. मीमांसक तो संबंध नित्य मानतात. तो कोणी जोडलेला नाही. नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरतो: या शब्दाने ही वस्तू समजावी असे ठरले, म्हणून ती समजते. संगणकाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेत हा वाद तपासून पाहता येतो.

जाळ्यातले संगणक एकमेकांना अंकी पत्त्यांनी गाठतात. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता 32 बिटांचा असतो, सहाव्या आवृत्तीत 128 बिटांचा. माणसाच्या लक्षात मात्र नावे राहतात. इंटरनेटच्या आधीच्या आर्पानेट या जाळ्यावर नावांची आणि पत्त्यांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई व बाकीचे तिची प्रत घेत. संगणक वाढले तशी ही रीत अपुरी पडली. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावावरून पत्ता शोधण्याच्या आजच्या व्यवस्थेचा, म्हणजे डीएनएसचा, आराखडा मांडला आणि यादीची जबाबदारी वाटली गेली. आज प्रोग्राम ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ फंक्शनला नाव देतो. ते नाव पत्ता शोधून देणाऱ्या रिझॉल्व्हरकडे जाते. त्याच्याकडे उत्तर आधीच साठवलेले नसेल, तर तो प्रथम नावांच्या उतरंडीच्या माथ्यावरच्या रूट सर्व्हरला, मग ‘कॉम’ किंवा ‘इन’च्या सर्व्हरला आणि शेवटी त्या डोमेनच्या सर्व्हरला विचारतो.

एका नावाला अनेक पत्ते असू शकतात, एका पत्त्यावर अनेक नावे नांदतात. प्रत्येक उत्तराला सेकंदांत मोजलेली मुदत असते. ती संपली की पुन्हा विचारावे लागते. सर्व्हर बदलला तरी नाव टिकते. असा संबंध नित्य म्हणता येत नाही; इथे नैयायिकांची बाजू खरी ठरते.

पण मीमांसकांचा आक्षेप उरतो: संकेत समजावून सांगायलाही आधी समजलेले शब्द लागतात, मग पहिला संकेत कशाच्या आधारे झाला? रिझॉल्व्हरपुढेही हीच अडचण येते. रूट सर्व्हरचा पत्ता विचारायला आधी रूट सर्व्हर गाठावा लागेल. म्हणून ‘ए’पासून ‘एम’पर्यंतच्या 13 रूट सर्व्हरांचे पत्ते त्याला सुरुवातीलाच दिलेले असतात. 2010 पासून रूटवर डिजिटल सहीही असते; ती पडताळण्याची किल्लीदेखील आधीच विश्वासाने स्वीकारावी लागते.

हे पत्तेही माणसांनीच ठरवलेले आहेत आणि त्यांतले काही बदललेही आहेत. म्हणजे आरंभी जे लागते ते नित्य असण्याची गरज नाही. ते विश्वासू हातांतून आलेले असावे लागते. न्यायदर्शन अशा विश्वासू वक्त्याला आप्त म्हणते. नाव संकेताने चालते, आणि संकेत आप्तावरच्या विश्वासाने.