नगरसेवक कुणाचा?

वस्तीतला कार्यकर्ता महापालिकेत निवडून गेला की आपल्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, 'विकला गेला साला.' दुसरा म्हणतो, 'जाऊ दे ना, नळ तरी आणला.' मला दोन्ही बोलणी पटत नाहीत. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात लाचारी.

नळाला क्षुल्लक म्हणणाऱ्याने महाड आठवावं. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं १९२४ ला, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर हजारो माणसं तळ्यावर गेली तेव्हा त्या कागदाला ओल लागली. आणि त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला ठराव मागे घेतला. म्हणजे रस्त्यावर मिळवलेलं सभागृहात हिसकावता येतं. म्हणून आपला माणूस तिथं पाहिजेच. प्रश्न एवढाच, की तिथं त्याचा कान कुणाच्या हातात?

राखीव वॉर्डात उमेदवार आपला, पण तिकीट पक्षाचं आणि बहुतेक ठिकाणी जास्तीची मतं दुसऱ्यांची. १९३२ च्या जातीय निवाड्यातले स्वतंत्र मतदारसंघ पुणे कराराने गेले आणि राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या. जागा वाढल्या, लगाम गेला. १९५२ ला मुंबईत खुद्द बाबासाहेब पडले. राखीव जागेवर काँग्रेसचे काजरोळकर आले.

त्यात १९८६ चा पक्षांतरबंदीचा कायदा. पक्षाचा आदेश मोडून मत दिलं तर नगरसेवकपद जाऊ शकतं. वस्तीला दिलेला शब्द मोडला तर? काय बी होत नाही. त्याला परत बोलवायचा अधिकार वस्तीला नाही. समजा, सफाईचं काम ठेकेदाराला द्यायचा ठराव आला. झाडू मारणारी आपलीच माणसं. पक्ष म्हणतो, हात वर कर. तो करतो, आणि संध्याकाळी वस्तीत येऊन नळाची तोटी दाखवतो. हा माणूस जन्माचा लबाड आहे असं मी म्हणत नाही. एका बाजूला पद जायची भीती आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या टाळ्या असल्या, तर चांगला माणूसही वाकतो.

मग इमान एकट्या त्याचंच तपासायचं का? आपणच त्याला 'साहेब' करतो, वाढदिवसाचे बोर्ड लावतो, टक्केवारीचा पैसा आहे हे माहीत असून जयंतीला त्याची पावती फाडतो, आणि मग म्हणतो, विकला गेला. विकणारा तो असेल, पण दलालीतला वाटा आपणही खाल्ला.

मित्रांनो, फॉर्म भरण्याआधी वस्तीची बैठक झाली पाहिजे. निवडून आल्यावर दर महिन्याला त्याने समाजमंदिरात उभं राहून सांगावं, कुठल्या ठरावाला हात वर केला आणि कुणाच्या सांगण्यावरून. जयंतीची वर्गणी वस्तीने वस्तीतूनच काढावी, दहा-दहा रुपये का होईना. आणि पक्ष व वस्ती समोरासमोर आले, तर त्याने पद घालवावं आणि वस्तीने त्याच्या मागं उभं राहावं.

'पद गेलं तर कामं थांबतील,' असं तो म्हणेल. थांबतील, खरंय. बाबासाहेबांनी १९५१ ला हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं तेव्हा त्यांनाही हे कळत होतं. आपल्याला तर एक वॉर्ड सोडायचाय.

निवडणुकीची वाट बघू नका. पहिली बैठक येत्या रविवारी घ्या, आणि त्याला निरोप धाडा.