पानावरचा बर्फ

परभणीतील आमच्या लहानशा ख्रिस्ती समाजासाठी एका तरुणाने जे संकेतस्थळ तयार केले, त्यावर डिसेंबर उजाडला की बर्फ पडू लागतो. पांढरे ठिपके वरून डोलत येतात आणि मिस्साच्या वेळापत्रकावरून, पुण्यस्मरणाच्या नोंदींवरून, वसतिगृहाच्या सूचनेवरून घसरत तळाशी नाहीसे होतात. आमच्यापैकी कोणी आपल्या अंगणात कधी बर्फ पाहिलेला नाही. थंडीच्या दिवसांत येथील कृषी विद्यापीठात पाऱ्याची जी नोंद होते, ती कधी कधी चार-पाच अंशांच्याही खाली जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत परभणीचे नाव झळकते, हे खरे. पण तेवढ्याने येथे बर्फ पडत नाही. आणि बेथलेहेमातील त्या रात्री तो पडत होता, असे शुभवर्तमानकारांनीही कोठे म्हटलेले नाही. आमच्यातील एका ज्येष्ठाने ही गोष्ट त्या तरुणाच्या कानी घातली, तेव्हा तो मनापासून हसला व म्हणाला, “काका, फक्त तीन ओळी टाकाव्या लागल्या!”

या ‘फक्त तीन ओळीं’मध्ये जो आनंद आहे, त्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. हा आनंद निर्दोष आहे काय? असल्यास कोठवर? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण गेली काही वर्षे तो आमचा पिच्छा सोडत नाही, आणि त्याला एक कारण घडले आहे. ते पुढे येईल.

आरंभीच सांगितले पाहिजे की, या उत्साहाची टवाळी करण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही ज्या भूमीत वाढलो, तेथे साधने नेहमी उशिरा पोहोचली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठीत लिहिणाऱ्याला छापखाना शोधत पुण्या-मुंबईकडे पाहावे लागे. अशा गावात बी. रघुनाथ लिहीत राहिले, हेच एक आश्चर्य. पुढे १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीस भरले. योगायोग असा की, त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले आणि त्याच वर्षीच्या नाताळात व्हॅटिकनचे संकेतस्थळ सुरू झाले. ते ज्या संगणकांवर चालत असे, त्यांना राफाएल, मिखाएल व गाब्रिएल या महादूतांची नावे देण्यात आली होती. संमेलनाच्या मांडवात या घडामोडींची चर्चा झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. परंतु आज मागे वळून पाहता वाटते की, पुण्या-मुंबईचे आणि परभणीचे अंतर त्या वर्षी एका वेगळ्याच मार्गाने कमी होऊ लागले होते.

१९९३ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेने वेबचे तंत्र कोणताही मोबदला न घेता जगाला मोकळे करून दिले. त्यामुळेच स्टेशन रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात बसलेला मुलगा रोमच्या पानाची घडण उघडून पाहू शकतो, तिच्यातील एक तुकडा उचलून आपल्या पानात लावून बघतो, चुकतो, पुन्हा लावतो. भारनियमनाच्या काळात वीज येईल त्या वेळी, कधी मध्यरात्री उठून, आमच्या मुलांनी ही विद्या आत्मसात केली. त्यांना कोणी बोलावले नव्हते, कोणी शुल्क मागितले नव्हते. हाताला नवे साधन लागल्यावर माणूस असा उजळतो, यात ईश्वराचा हात नाही असे कोण म्हणेल? निर्गमाच्या ग्रंथात बसालेल नावाच्या कारागिराची हकिकत आहे. सोने, रुपे, पितळ व लाकूड यांचे काम करता यावे म्हणून देवाने त्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले, असे तेथे सांगितले आहे. आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्या कार्लो अक्युटिस यांना संतपद देण्यात आले, ते तर पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने मरण पावलेले, संगणकात रमणारे मूल होते. ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्यांनी तिचे संकेतस्थळ तयार केले होते. तेव्हा ही आवड संतत्वाच्या आड येते असे म्हणण्याची आता सोय उरलेली नाही.

आता ते कारण.

२०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही तिघा-चौघांनी मिळून ते पान नव्याने करविले. मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रवेशाची सूचना त्यावर द्यावयाची होती. पत्रक आधीच तयार होते; पण डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये. या जुन्या फाँटांची रीत अशी की, संगणकाच्या लेखी ती अक्षरे रोमनच असतात, केवळ वरून त्यांना मराठी रूप चढविलेले असते. तो फाँट नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की रूप गळून पडते आणि अर्थहीन चिन्हांची रांग समोर येते. सर्व मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित करणे हा त्यावरचा प्रामाणिक उपाय होता, आणि तो तासाभराचा होता. आम्ही दुसरा मार्ग पत्करला. पत्रकाचेच चित्र केले, त्याला सुंदर चौकट दिली, तारखेसाठी वळणदार सुशोभित अंक निवडले आणि ते चित्र पानाच्या माथ्यावर फिरत्या पट्टीत बसविले. तीन सेकंद नाताळच्या गव्हाणीचे छायाचित्र, तीन सेकंद क्रीडास्पर्धांचे, तीन सेकंद ती सूचना. पट्टी प्रथम सरकली तेव्हा आम्ही टाळ्या वाजविल्या. रंग आणखी गडद करा, ही सूचना आमचीच होती. त्या तरुणावर काही ढकलण्याचा आमचा हेतू नाही, हे येथे नोंदवून ठेवतो.

अर्ज देण्याची शेवटची तारीख होती ११ जून. पालम तालुक्यातील एका खेड्यातून एक माउली आपल्या मुलीला घेऊन आली ती १९ तारखेस. तिला वाचता येत नव्हते. तिच्या भाच्याने आपल्या लहानशा मोबाईलवर ते पान उघडले होते. चित्र हळूहळू उतरले, तीन सेकंद दिसले आणि पुढे गेले. पुन्हा आले तेव्हा त्याने जे वाचले, ते १९. वळणदार अंकांत एकाचा देठ आणि नवाचा देठ यांत फारसे अंतर नव्हते. आम्ही स्वतः ते चित्र पुन्हा उघडून पाहिले आणि आम्हांसही क्षणभर १९ च दिसले. जागा भरून गेल्या होत्या. सिस्टरांनी शक्य ते केले, पण खाट म्हणजे खाट. ती ओढून लांब करता येत नाही.

ही मुलगी ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या आगेमागे तिचे आईवडील कोयता घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जात, ते उन्हाळा लागेपर्यंत परतत नसत. वसतिगृह मिळाले असते तर ती शाळेत राहिली असती. ती त्यांच्याबरोबर गेली. पुढच्या जूनमध्ये आम्ही निरोप पाठविला. ती आली नाही.

या घटनेनंतर आमच्यात जी चर्चा झाली, तिच्यात दोन मते होती. एक मत असे की, हा केवळ अपघात. हेतू शुद्ध होता, आणि हेतू शुद्ध असला की पुरे. दुसरे मत असे की, हे सगळे तंत्रज्ञानच व्यर्थ. जुन्या काळी फादर सायकलवरून गावोगाव जाऊन सांगत, ते बरे होते. दोन्ही मते आम्हांस मान्य नाहीत. पण का नाहीत, हे कळण्यास वेळ लागला.

संत ऑगस्टिन यांनी ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एक भेद केला आहे: काही गोष्टी वापरावयाच्या असतात, काही गोष्टींत रमावयाचे असते. त्यासाठी ते प्रवाशाचा दाखला देतात. स्वदेशी निघालेला माणूस वाटेच्या शोभेत व वाहनाच्या गतीतच इतका रमतो की, घरी पोहोचण्याची त्याला ओढच राहत नाही. आमची ती फिरती पट्टी म्हणजे असेच वाहन होते. मात्र या दाखल्याशी आमचे थोडे भांडणही आहे. वाहनात रमणाराच वाहन दुरुस्त करू शकतो. साधनावर ज्याचे प्रेम नाही, तो त्याची कुरकुर ऐकत नाही. ज्या तरुणाने बर्फ पाडला, त्यालाच पुढे ते जुन्या फाँटचे कोडे एका रात्रीत सुटले. आम्हां गंभीर माणसांना ते सुटले नसते. तेव्हा दोष रमण्यात नसावा. मग कशात?

येथे आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण येते. १५७९ साली गोव्यास आलेला हा इंग्रज येशूसंघीय. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापून निघाले. मराठीत रचलेले ते पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली एक जुनी तळमळ सांगितली होती: मलबारात जशी तेथल्या लिपीत पुस्तके निघाली तशी या प्रांतातही निघावीत. तमिळ लिपीतील पुस्तक १५७८ मध्येच कोल्लम येथे छापले गेले होते. अडचण ही की, युरोपातील चोवीस अक्षरांऐवजी येथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागणार होते. हा माणूसही साधनासाठी वेडा झाला होता, असेच म्हणावे लागेल. पण त्याला साचे हवे होते ते येथील वाचकाची अक्षरे छापता यावीत म्हणून. साचे मिळाले नाहीत, तेव्हा जे हाताशी होते त्यावर त्याने काम उरकले.

कोणी म्हणेल, मग साधनाने काय अडले? पुष्कळ अडले. रोमन लिपीत अडकलेले ते पुराण देवनागरी वाचणाऱ्या मराठी माणसाच्या हाती छापील रूपात आले ते १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीमुळे. मध्ये तीनशे चाळीस वर्षे गेली. शुद्ध हेतूने ही वर्षे भरून निघाली नाहीत. आज युनिकोडमध्ये देवनागरीसाठी अवघ्या १२८ जागा आहेत, आणि त्यांच्या जोडणीतून सहाशेच काय, हवी तितकी जोडाक्षरे उभी राहतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरकही राहतो. स्टीफन्स ज्यासाठी तळमळले, ते आमच्या खिशात होते. आणि आम्ही त्याचे चित्र करून टाकले!

साधन निर्विकार असते, असेही म्हणण्याची पद्धत आहे. आमचा अनुभव तसा नाही. पाने सजविण्याच्या या तयार सामग्रीत जे सर्वांत वर मांडलेले असते, तेच आपण उचलतो. तयार साच्यांत ओळींमधले अंतर रोमन अक्षरांच्या मापाचे असते. आपण मराठी घालतो तेव्हा वरचा रफार छाटला जातो, अक्षरे सुटी करावयास गेलो तर शिरोरेघ तुटते. आणि या साच्यांत मजकुराच्या जागी जो निरर्थक लॅटिन उतारा भरलेला असतो, त्याची तर कथाच विलक्षण आहे. ‘लोरेम इप्सम’ या नावाने तो ओळखला जातो. तो मुळात सिसेरो यांच्या एका ग्रंथातून मोडतोड करून घेतलेला आहे, आणि तो ग्रंथ आहे चांगले व वाईट यांच्या अंतिम स्वरूपाविषयी. ‘लोरेम’ हा शब्दही अर्धवट कापलेला. मूळचा शब्द ‘दोलोरेम’, म्हणजे दुःख. जगभरातील असंख्य पाने या कापलेल्या दुःखावर बेतली जातात, कारण पान बेतणाऱ्याला मजकूर वाचावयाचा नसतो, तो पानावर कसा दिसतो एवढेच पाहावयाचे असते. आम्हीही त्या सूचनेकडे असेच पाहिले होते. आमच्यापैकी एकानेही ती आपल्या मोबाईलवर, उन्हात उभे राहून, न वाचता येणाऱ्या बाईला मोठ्याने वाचून दाखवून पाहिली नव्हती. तेवढे केले असते, तर हवे तितके रमण्यास आम्हांस कोणी अडविले नसते.

आता आमच्या पानावर सूचना साध्या अक्षरांत असते. तारीख अंकांत आणि शब्दांतही: ‘११ जून, अकरा जून, सोमवार’. मोबाईलकडून ती वाचून घेता येते. खाली दूरध्वनी क्रमांक आहे आणि तो उचलण्याची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. फिरती पट्टी गेली. पान आता थोडे ओकेबोके दिसते, अशी तक्रार युवकांकडून येते, आणि ती खोटी नाही.

गेल्या डिसेंबरात त्या तरुणाने पुन्हा बर्फाची परवानगी मागितली. बैठकीत बराच वेळ गेला; एका आजीबाईंनी तर, “पडू द्या की, लेकरांना बरं वाटतं,” असे सांगून टाकले. शेवटी २४ ते २६ डिसेंबर असे तीन दिवस ठरले. त्याने एक बदल मात्र आपण होऊन केला: सूचनेच्या चौकटीपाशी आले की ठिपके आता दोन बाजूंना वळतात. त्यासाठी तीन ओळी पुरल्या नाहीत, रात्रभर बसावे लागले, असे तो मोठ्या खुशीत सांगत होता.