ओले इंधन

गीतेच्या अठराव्या अध्यायातील एक वचन मला कित्येक वर्षे स्वस्थ बसू देत नव्हते. स्वभावतः वाट्याला आलेले कर्म सदोष असले तरी टाकू नये, कारण अग्नी जसा धुराने, तसे सगळेच आरंभ कोणत्या ना कोणत्या दोषाने वेढलेले असतात, असा त्या वचनाचा आशय आहे. रणांगण सोडून निघालेल्या माणसाला ते धीर देते यात संशय नाही. परंतु ज्याला काहीच सोडायचे नाही, आपल्या धंद्यातला, कचेरीतला, घरातला दोष ज्याला आहे तसाच चालू ठेवायचा आहे, त्याच्या हाती तेच वचन माफीच्या सनदेसारखे पडते, आणि धूर हा असायचाच असे म्हणून तो बिनदिक्कत आपली चूल पेटवीत राहतो. दोष जर कर्माला जन्मतःच चिकटलेला असेल, तर त्याचा जाब कर्त्याला कोणत्या न्यायाने विचारावयाचा? भाष्ये उलगडून पाहिली, विद्वानांना विचारले. समाधान झाले नाही. जे काही समाधान झाले ते नागालँडातील खोनोमा या गावी, एक वृद्ध गृहस्थ लाकूड फोडीत असताना.

खोनोमा हे कोहिमाच्या पश्चिमेस सुमारे २० किलोमीटरवर, डोंगराच्या सोंडेवर वसलेले अंगामी नागांचे गाव. इंग्रजी फौजेशी १८७९-८० साली या गावाने दिलेली झुंज इतिहासात नमूद आहे. मी ज्या घरी उतरलो होतो तेथील स्वयंपाकघरात जमिनीलगत चूल होती आणि तिच्यावर, पुरुषभर उंचीवर, बांबूची ताटी टांगलेली होती. त्या ताटीवर डुकराच्या मांसाचे लांब तुकडे आठवडेच्या आठवडे धुरीत राहून काळेभोर आणि टणक झाले होते. मी स्वतः मांसाहारी नाही. तरीही त्या गडद, गोडसर वासात असे काही होते की दाराशी आलेला माणूस आपोआप चुलीजवळ बसावा. घरचे आजोबा रोज सकाळी अंगणात जळण फोडीत, आणि त्यांचे बोलणे त्यांचा शिक्षक मुलगा मला हिंदीत सांगत असे.

आजोबा ओंडका उभा करीत, त्याच्या कापलेल्या तोंडावर अंगठा फिरवून वाळताना पडलेली बारीक चीर शोधीत, तिच्यावर दाव नावाच्या नागा कोयत्याचे पाते टेकवीत आणि पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने एकच ठोका देत. कोरडा आवाज होई आणि ओंडका रेषेरेषेने उकलून दोन बाजूंना पडे. त्या अर्ध्यांच्या फाळ्या, फाळ्यांचे पुन्हा मुठीएवढे ठोकळे. मदत म्हणून मी एक फाळी हाती घेतली आणि तिच्या पातळ ढलप्या पाडल्या. आजोबांनी त्या निमूटपणे उचलून वेगळ्या ठेवल्या. धुरीला या चालणार नाहीत, मुलाने सांगितले. ढलपी भडकते, ज्वाळा वर जाते, मांस धुरीत मुरण्याऐवजी भाजून निघते. मग ओंडकाच सबंध का ठेवू नये, मी विचारले. तो एका अंगाने करपतो, आतून गुदमरतो, आणि त्याच्या दाट धुराने मांस कडू होते. ठोकळा मात्र मुठीएवढा असला, वर्षभर सावलीत वाळलेला असला, आणि निखाऱ्यांच्या कडेला त्याला बेताचीच हवा मिळाली, म्हणजे तो न भडकता तासभर धुमसत राहतो व निळसर, विरळ धूर देतो. रसायनशास्त्राची साक्षही याला अनुकूलच आहे. लाकडातील लिग्निन मंद आचेवर विघटित होऊन सुगंधी द्रव्ये देते, धुरातील आम्ले व फिनॉले मांसाला सडू देत नाहीत. आणि तेच लाकूड प्रखर तापले, वितळलेली चरबी ज्वाळेत ठिबकू लागली, तर त्याच धुरात बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये वाढतात. म्हणजे गीतेच्या दृष्टान्तात जो धूर दोष आहे तो येथे फल आहे, आणि त्या फलालाही पुन्हा त्याचा स्वतःचा दोष आहे.

त्या अंगणात बसलो असता मला अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायशास्त्राचा ग्रंथ आठवला. धूर दिसतो, सबब पर्वतावर अग्नी आहे, हे अनुमान संस्कृताच्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेले असते, आणि त्याचा दाखला म्हणून दरवेळी स्वयंपाकघरच पुढे येते. पण अन्नंभट्टाने त्याच ग्रंथात उलट अनुमानाचाही विचार केला आहे: अग्नी आहे, सबब धूर असलाच पाहिजे. हे अनुमान नैयायिक नामंजूर करतात. लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. कारण धूर एकट्या अग्नीपासून निघत नाही, अग्नीचा ओल्या इंधनाशी संयोग व्हावा लागतो. या लपलेल्या अटीला न्यायशास्त्र उपाधी म्हणते. हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते, परंतु गीतेच्या वचनाशेजारी ठेवून कधी वाचले नव्हते. शेजारी ठेवल्याबरोबर दिसले ते असे की, धूर हा अग्नीचा स्वभाव नव्हे, तो औपाधिक आहे. आणि उपाधी तर सरपण आणणाऱ्याच्या, ते वाळविणाऱ्याच्या, फोडणाऱ्याच्या हातात असते. आजोबांनी नैयायिकांनाही थोडी दुरुस्ती सुचविली असती असे मला वाटते, कारण त्यांचे इंधन ओले नव्हते. आकार आणि हवा यांचा मेळ घालून ते कोरड्या लाकडातूनही हवा तेवढाच धूर काढीत. अट ओलेपणाची असो की हवेच्या कमतरतेची, ती अट आहे, आणि तिचा हिशेब ठेवणारा कोणीतरी आहे, एवढे मात्र त्यामुळे अधिकच पक्के होते.

आमच्या स्मृतिकारांना हा हिशेब ठाऊक होता. मनूने गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत आणि त्यांत चूल पहिली आहे. सरपणासाठी न वाळलेली झाडे पाडणे हेही त्याने उपपातकांत गणले आहे. चूल बंद करा असे मात्र तो कोठेही म्हणत नाही. जैन आचार्य याहून कठोर. कोळसा पाडण्याचा आणि जंगलतोडीचा धंदा श्रावकाने करूच नये असे त्यांनी सांगितले. खोनोमाच्या आजोबांचे कुटुंब ख्रिस्ती आहे, त्यांनी यांपैकी काही ऐकलेले नाही. पण त्यांचे ऑल्डरचे झाड पाहिले की वाटते, या प्रश्नावर त्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या विचार केलेला असला पाहिजे. शेतात उभे असलेले हे झाड ते मुळापासून पाडीत नाहीत. माणसाच्या उंचीच्या थोडे वर त्याचा माथा तेवढा कापतात, फांद्या जळणाला नेतात, आणि उरलेल्या बुंध्याला चहूकडून नवे कोंब फुटतात. मुळांच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र मातीत आणीत राहतात, म्हणून त्याच्याच सावलीतल्या शेतात भात आणि भाजीपाला पिकतो. बुंधे जुने, गाठाळ, मुठी आवळून उभ्या असलेल्या हातांसारखे दिसतात.

हे सारे मी लिहितो आहे याचे खरे कारण निराळे आहे. कोकणात आमच्या घरी पावसाळ्यापूर्वी लाकडे फोडून मांगरात रचण्याचे काम माझ्याकडे असे, आणि ते मी दरवर्षी उद्यावर ढकलीत असे. मृग कोसळला की अर्धे सरपण अंगणात भिजलेले असायचे. मग आषाढभर आई त्या ओल्या ओंडक्यांपुढे फुंकणी घेऊन बसे; डोळे लाल, पदर तोंडावर, आणि खोकल्याची उबळ आली की क्षणभर भिंतीला टेकून पुन्हा फुंकू लागे. धूर हा चुलीचा धर्मच आहे असे आम्ही सगळे पुरुष समजून चाललो होतो. ती वहिवाट होती. आईही तसेच समजत असावी, कारण तिने कधी तक्रार केली नाही. तो धूर अग्नीचा नव्हता, माझा होता, हे मला तेव्हा कोणी सांगितले नाही, आणि सांगायला हवे होते ते माझे मलाच.

खोनोमातून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्या शिक्षकाला विचारले की, मांसाला धुरी मिळते हे ठीक, पण दिवसभर त्याच चुलीपाशी बसणाऱ्या तुमच्या आईच्या डोळ्यांचे काय? त्याने तो प्रश्न वडिलांना सांगितला. आजोबांनी काही उत्तर दिले नाही. ते उठून अंगणात गेले आणि त्यांनी मला खांबाआडचा एक ढीग दाखविला, जो मी चार दिवसांत पाहिलाच नव्हता. बोटाएवढ्या जाडीच्या, साल काढलेल्या, हाडासारख्या वाळलेल्या चिपांचा तो ढीग होता. माझ्या हातून बिघडलेल्या ढलप्याही त्यातच नीट रचलेल्या होत्या. भात शिजवायचा असतो तेव्हा याच लागतात, मुलगा म्हणाला. या झटकन पेटतात आणि यांचा धूर होत नाही. आजोबा तोवर खाली बसून आणखी एक फाळी पायांत धरून सोलू लागले होते.