तिसऱ्या वर्षीचं ताट

वजन उतरवायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला: कोणतं डाएट? दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडंथोडं, भात सोडायचा की तेल-तूप? यावर घरोघरी हिरिरीने वाद होतात. त्याचं उत्तर मात्र बरंच आधी मिळालेलं आहे.

बॉस्टनमधल्या संशोधकांनी १६० जणांना चार आहारपद्धती वाटून दिल्या आणि २००५ साली निष्कर्ष मांडले. त्यांतल्या ॲटकिन्समध्ये पिष्टमय पदार्थांवर बंधन, तर ऑर्निशमध्ये स्निग्धांवर. म्हणजे दोन अगदी विरुद्ध टोकं. वर्षअखेरीस चारही गटांत सरासरी दोन ते सव्वातीन किलो घट दिसली. ज्यांनी दिलेला आहार जास्त पाळला त्यांचं वजन जास्त उतरलं, मग पद्धत कुठलीही असो. या दोन टोकांच्या पद्धतींत मात्र जवळपास निम्मे लोक वर्षभरात गळले.

गळलेल्यांना आपण लगेच मनाने कच्चे ठरवतो. हे मला अन्यायाचं वाटतं. वजन उतरलं की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, तृप्तीची खबर देणारं लेप्टिन घटतं, आणि हा बदल वर्षभरानंतरही टिकून असल्याचं २०११च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसलं. शरीर बसल्याजागी ऊर्जाही कमी खर्च करू लागतं. सुरुवातीला काटा रोज खाली जातो, कपडे सैल होतात, लोक विचारतात. पुढे काटा थांबतो, कौतुकही थांबतं. भूक मात्र राहते आणि खायचं तसंच मोजून. आहार निवडायचा तो या दिवसांसाठी, तिसऱ्या वर्षातल्या एखाद्या साध्या मंगळवारसाठी.

आणि त्या मंगळवारी स्वयंपाकघरात काय चाललेलं असतं? आपल्याकडे कुकर एक, कढई एक. घरातल्या पुरुषाचं डाएट सुरू झालं की बहुधा बाईच्या वाट्याला दुसरा स्वयंपाक येतो. तिचं स्वतःचं डाएट असेल तर तिच्यासाठी वेगळं कोणी रांधत नाही. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती उरलेलं संपवते. म्हणून त्याच कढईतून निघणारा आहार मला जास्त भरवशाचा वाटतो: भाताची मूद निम्मी, उसळ आणि पालेभाजी दुप्पट, तेलाची पळी छोटी. वजन सावकाश उतरेल, पण दुसरी चूल मांडावी लागणार नाही.

आहारतज्ज्ञांनी काट्यावर उभं करण्याआधी विचारावं: घरी रांधतं कोण, रात्रपाळी असते का, उपास कुठले धरता, आणि कोणता पदार्थ सोडणं तुम्हाला मुळीच जमणार नाही?