एका घरात दोन चुली

एका घरात दोन चुली पेटल्या की लोक समजतात, वाटणी झाली. पण सासूला तिखट सोसत नाही म्हणून सून दुसरी चूल मांडते, तेव्हा ती वाटणी नसते. दाराबाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्हींचा धूर सारखाच दिसतो. हा फरक आम्हाला अलीकडे संगणकाच्या निमित्ताने नीट कळू लागला.

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे अंगण दिसते, खिडक्या, याद्या, खालची पट्टी, फायलींची चिन्हे, त्याला डेस्कटॉप म्हणतात. विंडोजमध्ये हे अंगण घराला जोडूनच येते. नवे घर घेतले की अंगणही बदलते, तुम्हाला कोणी विचारत नाही. लिनक्समध्ये पाया वेगळा आणि अंगण वेगळे. केडीई हे १९९६ साली सुरू झालेले असे एक अंगण, ग्नोम हे त्याच्या पुढच्या वर्षीचे दुसरे. एकाच संगणकावर दोन्ही ठेवता येतात. इतकेच नव्हे, थोडी काळजी घेतली तर एकाच अंगणाची जुनी आणि नवी आवृत्तीही शेजारी शेजारी नांदवता येते. आत शिरताना आज कुठे बसायचे ते निवडायचे, एवढेच.

जानेवारी २००८ मध्ये केडीईची चौथी आवृत्ती आली. तिसरी आवृत्ती लोकांच्या हातात मुरलेली होती. चौथी बरीचशी नव्याने रचलेली, आणि अजून कच्ची. ती सर्वांसाठी तयार नाही असे तिचे कर्तेच सांगत होते. मग ज्या संस्था लिनक्स बांधून लोकांना देतात त्यांच्यापुढे पेच पडला. मे २००८ मध्ये फेडोराच्या नवव्या आवृत्तीने केडीईचे फक्त नवे अंगण दिले. पुढच्याच महिन्यात ओपनसुसेच्या अकराव्या आवृत्तीने जुने आणि नवे दोन्ही दिले, ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

फेडोराची बाजू आम्ही हलकी मानत नाही. नवे वापरल्याशिवाय त्याच्या खोडी कळत नाहीत, आणि दोन्ही सांभाळायचे म्हणजे दुप्पट राबणे आले. फुकट राबणाऱ्या माणसांकडून किती मागावे, यालाही मर्यादा आहे. तरी आमचे मन ओपनसुसेकडे झुकते, आणि त्याचे कारण त्यांनी ते ज्या रीतीने केले त्यात आहे. जुन्याचा संसार त्यांनी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि नव्याचा वेगळ्या. वापरणाऱ्याच्या सवयींची नोंद, म्हणजे कोणते चिन्ह कुठे, कोणता रंग, कोणती कळ, तीही दोघांची स्वतंत्र. असे का? दोघांची वही एकच ठेवली तर नवी आवृत्ती जुन्या नोंदी उघडते आणि आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून ठेवू शकते. मग माणूस जुन्याकडे परतला की तिला स्वतःचीच वही वाचता येत नाही. आपल्या बोलीत याला अमानतीत खयानत म्हणतात. नव्याने वाईट हेतूने काही केलेले नसते. फक्त दुसऱ्याच्या वहीत लिहिताना त्याला विचारलेले नसते. पत्रे, छायाचित्रे, लेख मात्र दोघांना सामाईक राहतात. विहीर एक, चुली दोन.

आम्ही तेरखेड्याचे, फटाक्यांच्या गावचे. इथे शेजारी ठेवणे आणि एकत्र घोटणे यांतला फरक शाळेत शिकावा लागत नाही. गंधक कामाचे, क्लोरेटही कामाचे. दोन्ही एकत्र केले की नुसत्या घासण्याने पेट घेतात, म्हणून या मिश्रणावर देशात १९९२ पासून बंदी आहे. कारखान्याच्या शेडांमध्येही कायद्याने अंतर राखावे लागते. त्या अंतराला कोणी भांडण म्हणत नाही.

आता उलट बाजू. जुने ठेवण्याचा हक्क कुठवर? केडीईच्या तिसऱ्या आवृत्तीची शेवटची दुरुस्ती ऑगस्ट २००८ मध्ये निघाली. पुढे २०१० मध्ये काहींनी तिचा मूळ मसुदा घेऊन ट्रिनिटी या नावाने ती चालू ठेवली. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमनेही तिसऱ्या आवृत्तीत अंगण पार बदलले, तेव्हा नाराजांनी जुन्यातून माटे उभे केले. परवानगी मागावी लागली नाही, ती परवान्यातच लिहिलेली होती. मात्र त्या दिवसापासून गळके छप्पर शाकारणे त्यांच्याच माथी आले. विंडोज एक्स्पीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले, तेव्हा ती हवी असणारे पुष्कळ होते. पण राबायची तयारी असूनही त्यांच्या हाती काही नव्हते, कारण किल्ली दुसऱ्याकडे. जुने जपायला कष्ट लागतात हे कबूल, पण कष्टाची वाटच बंद असेल तर जुने टिकत नाही म्हणून माणसाला मागासलेला म्हणणे आम्हाला न्यायाचे वाटत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. युनिकोड रुळण्याआधी आपले पुष्कळ लेखन अशा फाँटांत टाइप झाले, की तो फाँट नसेल तर पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. ज्यांनी ते लिहिले त्यांतले काही आज हयात नाहीत. ते लेखन नीट वाचायचे तर जुना फाँट आणि बहुधा त्याचा जुना प्रोग्रामही लागतो. म्हणून आमच्याकडच्या एका संगणकावर लिनक्सच्या शेजारी जुनी एक्स्पी ठेवली आहे. दुरुस्ती बंद झालेले घर चोरांना मोकळे असते, म्हणून ती सुरू असताना इंटरनेटची तार काढून ठेवतो. तरुण मुले हसतात. पुसून टाका, जागा मोकळी होईल, म्हणतात. त्यांचे एक म्हणणे बरोबर आहे. नुसते सांभाळून ठेवले आणि युनिकोडमध्ये उतरवले नाही, तर ते सांभाळणे नव्हे, आळस आहे.

घरी दखनी आणि कागदावर मराठी असणाऱ्यांना तुमची खरी भाषा कोणती, असे विचारणारे अजून भेटतात. पुसून टाका म्हणणाऱ्यांत आणि त्यांच्यात आम्हाला थोडे साम्य दिसते. आत शिरताना निवड विचारली, म्हणजे न निवडलेले खोटे ठरले, असा दोघांचाही समज असावा.

एक्स्पी महिन्यातून एकदोनदा उघडते. प्रत्येक खेपेला एखाददुसरा लेख इकडे येतो, जोडाक्षरे मोडतात, रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि ते हाताने दुरुस्त करावे लागते. अजून पुष्कळ लेख तिकडेच आहेत.