साधी राहणी आणि खरे दान

श्रींच्या दर्शनास येणारे भाविक कार्यालयात अनेकदा विचारतात, "देवासाठी किती खर्च करावा?" या प्रश्नाचे उत्तर रकमेत नाही, ते आपल्या राहणीत आहे.

बोनकोडे हे ठाणे खाडीकाठच्या जुन्या गावांपैकी एक. भातशेती, मीठ आणि मासळी यांवर या पट्ट्यातील पूर्वजांचा संसार चाले. गरजा मोजक्या होत्या, तरी दारी आलेला पाहुणा उपाशी परतत नसे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी शेतजमिनी संपादित झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पाच भूमिपुत्रांनी प्राण वेचले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांचा हक्क मिळाला.

इतक्या मोलाने हाती आलेला पैसा कोठे गेला? काही घरांत तो मुलांच्या शिक्षणास व उद्योगधंद्यास लागला. काही घरांत मात्र हळदीचा मांडव, वाद्यांचा गजर आणि जेवणावळी यांत तो सरला. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता, त्यांनी शेजाऱ्याची बरोबरी करण्यासाठी कर्ज काढले. सोहळा दोन दिवसांचा, हप्ते मात्र वर्षानुवर्षांचे!

संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हेच दुःख जाणले होते. ऋण काढून सण करू नका, त्यापेक्षा मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून कळवळून सांगत. अंगावर चिंध्या आणि हाती मातीचे गाडगे एवढाच त्यांचा संसार. पण त्याच हातांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःवरील खर्च त्यांनी आवरला तो साठवण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याच्या उपयोगी पडावा म्हणून. कृपणता आणि साधेपणा यांतील भेद येथेच आहे. कृपण माणूस पैसा अडवून ठेवतो. साधा माणूस तो योग्य ठिकाणी जाऊ देतो.

लग्नकार्यात आप्तेष्ट जमावेत, चार घास गोड खावेत, यात गैर काहीच नाही. आनंदाला मोल पडत नाही, देखाव्याला पडते. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्याला रात्री शांत झोप लागते, आणि अडीअडचणीच्या वेळी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हा साधेपणाचा पहिला लाभ. दुसऱ्याच्या अडचणीत धावून जाता येते, हा त्याहून मोठा लाभ.

म्हणूनच देणगीदारांना एक नम्र विनंती. कर्ज काढून, घरातील औषधपाणी किंवा मुलांची फी थांबवून नवस फेडू नये. कष्टाच्या कमाईतून सहज दिलेले अकरा रुपये श्रींच्या चरणी तितकेच मोलाचे आहेत. उत्सवातील रोषणाई आवरून अन्नदानास अधिक द्यावे, हा नियम आम्हा कार्यालयातील मंडळींनाही लागू आहे, याची जाणीव आम्ही ठेवतो.

आपल्या घरी गरजेपुरते असावे आणि त्यातून घासभर दुसऱ्यासाठी उरावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.

— चिटणीस, देवस्थान कार्यालय, बोनकोडे